दोषाचा रकाना

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.१०. बीपी १४८/९४.

आणि वर मलाच विचारतात, फोन उचललाच कशाला. वाजत होता म्हणून उचलला. वाजणाऱ्या फोनचं काय करायचं असतं, त्याला अंगाई म्हणायची? ती बाथरूममध्ये, फोन ओट्यावर, मी ओट्याशी. पलीकडून बाई म्हणाली, दोन मार्चला हजर होतील ना त्या. मी म्हटलं, नाही होणार. बस्स. एवढ्यावर आज नववा दिवस, सव्वीस वर्षांची माझी लेक माझ्याशी एक अक्षर बोलत नाही.

लेक दात बनवते. कवळ्या. इथल्या लॅबमध्ये चार वर्षं झाली, चांगलं चाललंय. तर आठ तास बसने लांब कुठल्याशा मोठ्या लॅबने हिला बोलावलं आणि ही निघाली. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी कोण, भिंतीवरचं कॅलेंडर?

ही वही डॉक्टरीणबाईंची. रोज सकाळी आकडा लिहा म्हणाल्या. नुसत्या आकड्यात काय आहे, का वाढला ते नको लिहायला? आकडे वेगळ्या कागदावर उतरवून त्यांना देईन. वही कोणाला दाखवायची नाही.

निश्चय: मीही बोलणार नाही. बघू कोण आधी दमतं.

संध्याकाळी ७.३०

बोलले. मीठ दे म्हटलं. तिने दिलं, पण बापाच्या हातात. त्यांनी माझ्या हातात दिलं. टेबल केवढं, हातभर. मीठ मात्र गाव फिरून आलं.

४ फेब्रुवारी, बुधवार. बीपी १५०/९६. मशीन जुनं झालंय.

कामावर समोरचीला सांगितलं. आम्ही हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालतो. एक टोक माझं, एक तिचं, अकरा वर्षं. मी सगळ्यांची मुकादम, म्हणून पद्धत माझी. मी माझं टोक सोडत नाही आणि जागची हलत नाही. समोरचीने चालत यायचं आणि तिचं टोक माझ्या हातात द्यायचं. घडी सुरीसारखी येते. समोरची म्हणाली, अकरा वर्षांत तुझ्याकडे किती कोस चालले असेन गं मी. मी म्हटलं, चालणं तब्येतीला चांगलं.

लेकीचं ऐकून म्हणाली, जाऊ दे की पोरीला. हिला मूलबाळ नाही. हिला काय कळतंय.

संध्याकाळी

हे वजनकाटे दुरुस्त करतात. त्यामुळे बोलतातही तोळ्याने. आज एकदम पाव किलो बोलले. म्हणाले, ती शनिवारी चारला वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेळायला जाते ना, तिथे जा. कसला खेळ, तर म्हणे कागद, पेन्सिल, फासे. ग्लॅडिएटर बनवायचे. ग्लॅडिएटर म्हणजे जुन्या काळी रिंगणात झुंजायला सोडायचे ती माणसं, आणि लोक भोवती बसून बघायचे. प्रत्येकाने कागदावर आपला एक बनवायचा आणि झुंजवायचा. तीन झुंजी जिंकला की त्याला लाकडी तलवार.

मी म्हटलं, सव्वीस वर्षांची बाई असले खेळ खेळते? तर म्हणाले, तिथे एक नियम आहे. टेबलावर बसलेल्याने काही विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

तुम्हाला कसं माहीत विचारलं. म्हणाले, तिने सांगितलं. कधी? म्हणाले, रोज काही ना काही सांगते.

रोज.

निश्चय: ग्लॅडिएटर बनवायचा. तिन्ही झुंजी मारायच्या. तलवार घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, आता बोल.

५ फेब्रुवारी, गुरुवार. बीपी १४६/९२. निश्चयाचा परिणाम.

शिफ्ट सुटल्यावर वाचनालयात गेले. तिथला कारकूनच खेळ चालवतो. तिशीतला, मऊ बोलतो, सगळ्यांना अहो-जाहो. मी त्याला पुस्तकवाला म्हणते. म्हणाला, काकू, आनंदच आहे, पण तुमच्या मुलीला विचारलंय ना? मी म्हटलं, वाचनालय तिचं आहे का. एक फॉर्म दिला आणि नियमांची आठ पानं.

तीन पानं वाचली. माझी शाळा चौथीपर्यंत, तीन पानं म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढच्या पाच पानांत काय असणार. भांडू नका, कचरा करू नका. आमच्या धुलाईखान्यातल्या नोटिशीही अशाच. वरच्या दोन ओळी कामाच्या, खाली साहेबाची हौस.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत.

फॉर्म भरला. तीस पॉइंट असतात. ताकद, दम, चपळाई, कान, जीभ, या पाच जागी वाटायचे. कुठेही दहाच्या वर नाही, एकाच्या खाली नाही.

ताकद १०. दम १०. चपळाई ८. उरले दोन. कान १, जीभ १.

झुंजायला जायचंय, कीर्तनाला नाही. कान आणि जीभ कशाला लागते.

नाव: भिंत. हत्यार: काही नको, हात पुरेत. चादरी पिळून पिळून माझी मनगटं बघा.

खाली एक रकाना. दोष. प्रत्येक ग्लॅडिएटरला एक दोष असलाच पाहिजे म्हणे. खूप विचार केला. दोष नाही. रिकामा सोडला.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६. बीपी घेतलं नाही.

पावणेचारला हजर. खोली लहान, एक लांब टेबल, वर ट्यूबलाइट गुणगुणते. पुस्तकवाला टोकाला. एक टायरच्या दुकानातला माणूस, दार भरून जाईल एवढा, पण आवाज मांजरीचा. आणि आमची. मला बघून तिच्या हातातली पेन्सिल थांबली. नखांत पांढरं प्लॅस्टर होतं. हात धुवून यायला काय होतं, म्हणणार होते. नाही म्हटलं. हे लिहून ठेवते, की नाही म्हटलं.

फॉर्म सगळ्यांनी बघून मंजूर करायचा असतो. टेबलावरून फिरत तिच्याकडे गेला. तिने वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, तुमचा दोषाचा रकाना रिकामा आहे.

तेरा दिवसांनी पहिलं वाक्य.

तुमचा. जन्मल्यापासून मला तू म्हणते. दुकानदाराला तुम्ही, डॉक्टरला तुम्ही, मला तू. मी म्हटलं, तुमचा काय, तुझा म्हण. ती म्हणाली, टेबलावर सगळे सगळ्यांना अहो-जाहो करतात, तुम्हीही करा.

रकाना रिकामा म्हणून भिंतीला रिंगणात घेतलं नाही. दोन तास नुसती बसले. तिचा ग्लॅडिएटर बघितला. बाई आहे. ताकद चार, चपळाई दहा, कान नऊ, हातात मासे धरायचं जाळं. नाव टाचणी. लहानपणी हाडं टोचायची म्हणून मीच तिला टाचणी म्हणायचे. नाव माझंच घेतलंय, याचा अर्थ माणसाने समजून घ्यावा. दोन झुंजी जिंकून बसलीय. आता तिसरी बाकी.

एकूण बैठक यशस्वी. बोलली ना.

८ फेब्रुवारी, रविवार. बीपी १५२/९४.

दोष शोधला: वेळेच्या आधी येतो. पुस्तकवाल्याला फोन केला. म्हणाला, काकू, हा गुण झाला. मग सांगितलं: फार स्पष्ट बोलतो. म्हणाला, जीभ एक आहे, बोलणार कसा? मग: दुसऱ्यांसाठी झिजतो. तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, काकू, रविवार आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. बीपी १५०/९५.

समोरचीला विचारलं, एखादा दोष सांग. एक चादर पुरी व्हायच्या आत तिने सात सांगितले. मी म्हटलं, अगं ग्लॅडिएटरचा विचारतेय. ती म्हणाली, मीही त्याचंच सांगतेय. इस्त्रीच्या रोलरवरच्या सगळ्या बायका फिदीफिदी. दुपारनंतर त्यांना ऑपरेशनचे हिरवे कपडे दिले, नाड्यांच्या गाठी सोडवायला. हसा आता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

पुस्तकवाल्याने तोडगा काढला. ज्याला स्वतःचा दोष सापडत नाही, त्याचा टेबल ठरवतं. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, एक उचलायची, निघेल तो दोष. नियमांत आहे म्हणे, पान पाच. मला चालेल. बाहेरच्यांना काय सापडणार.

लेक घरी अजून मुकी. आज दार उघडून ठेवलं तिने खोलीचं. हवेसाठी असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०. बीपी १४०/८८. बघा.

दिवस माझा.

चिठ्ठ्या आधी. पुस्तकवाल्याने आपली स्वतःच वाचून दाखवली, नियम पुरते वाचत नाही. टायरवाल्याची कोरी. म्हणाला, मी नाही लिहीत, मला काकूंची भीती वाटते. कोरी चालत नाही, म्हणून उरल्या दोन. उचलली ती तिची निघाली. अक्षर ओळखलं. हातात आलेलं सोडत नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मंजूर. हा काय दोष आहे? याला चिकाटी म्हणतात. मनातून तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर असं छान लिहिलं.

पहिली झुंज अस्वलाशी. अस्वल पुस्तकवाला चालवतो. वीस तोंडांचा फासा टाकायचा, त्यात आपले पॉइंट मिळवायचे, ज्याची बेरीज मोठी त्याने मारलं. मार बसला की दम उतरतो. दम शून्य की मेला. भिंतीने अस्वल चार फाशांत आवळून टाकलं.

दुसरी टायरवाल्याच्या ग्लॅडिएटरशी. याने सगळे पॉइंट जिभेवर घातलेले. रिंगणात उभा राहून भाषण, भावा, आपण दोघेही गुलाम, कोणासाठी लढतोय. पुस्तकवाला म्हणाला, भिंतीचा कान एक, ऐकू येत नाही. टायरवाला पुढे बोलतच राहिला, मी आवळतच राहिले. शेवटी त्याने खरंच आपलं जाडजूड बोट वर केलं. बोट वर म्हणजे शरण. मग समोरच्याने तोंडाने सोडलं म्हणायचं, की झुंज संपली, दोघेही जिवंत. पुस्तकवाला म्हणाला, दोष असला तरी तोंडाने म्हणता येतं, काकू. मी म्हटलं, सोडलं. मला काय, तो कुठे माझा कोण लागतो.

टायरवाल्याने घाम पुसला आणि थँक यू म्हणाला.

दोन जिंकल्या. तिसरी पुढच्या शनिवारी. माझ्या दोन, टाचणीच्या दोन. पुस्तकवाल्याने हिशेब केला आणि फळ्यावर लिहिलं: भिंत विरुद्ध टाचणी.

येताना ती पुढे, मी मागे, बारा पावलांवर. कोपऱ्यावर थांबून तिने मागे बघितलं. बहुतेक गाडी येतेय का ते.

१६ फेब्रुवारी, सोमवार. बीपी १५६/९८.

हे सांगत होते. लेकीने त्या लॅबला स्वतः फोन केला. म्हणाली, आईने सांगितलं ते खरं नव्हतं. त्यांनी जागा ठेवलीय, तेवीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचंय.

खरं नव्हतं म्हणजे काय? मी नाही होणार म्हटलं, ते माझं मत होतं. मग त्या बाईने खोदून विचारलं, का नाही, का नाही. तर बोलता बोलता तोंडातून गेलं, की लग्न ठरलंय. हे काही खोटं नाही. आज ना उद्या ठरेलच. मी नुसतं थोडं आधी सांगितलं.

ह्यांना म्हटलं, मग ती काय कळवणार? म्हणाले, अजून ठरवलेलं नाही. शनिवारनंतर सांगते म्हणाली.

शनिवारनंतर. म्हणजे सगळं झुंजीवर आहे. मी जिंकले की राहिली. सरळ आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. बीपी १५८/९८.

फाशाचा संशय आला. टाचणीला फार मोठे आकडे पडतात. पुस्तकवाल्याकडून मागून आणला आणि ह्यांना म्हटलं, तपासा, एका बाजूला जड असेल. हे चष्मा लावून बसले. बारीक काटा, चिमटा, पाण्याचा ग्लास.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. बीपी १६०/१००.

फासा सरळ आहे म्हणाले. दोन दिवस लावले एवढं सांगायला. मी म्हटलं, नीट बघितलं का. म्हणाले, सगळ्या बाजूंनी बघितलं, तू एकदा तिच्या बाजूने बघ. मी म्हटलं, फाशाच्या? हे चष्मा पुसायला लागले.

तयारी: घरी हातात उशी घेऊन आवळून बघितली. डावा हात कमी पडतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. बीपी घेत नाही. उद्या नंतर घेईन.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.

झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको.

चारला सुरू. हेही आले होते, भिंतीशी स्टुलावर. पहिल्या फाशाला टाचणीने जाळं टाकलं, भिंत अडकली. दुसऱ्याला दोन मार बसले, दम दहाचा आठ. तिसऱ्याला भिंतीने जाळं फाडलं. ट्यूबलाइट गुणगुणत होती. टाचणी पळते. किती पळते. माझा फासा पडतो सात, आठ, पाच, तिचा सोळा. भिंतीचा दम तीनवर आला. माझ्या तळव्याला घाम आला, फासा निसटून टेबलाखाली गेला, टायरवाल्याने वाकून दिला. मग पडला वीस.

पळणाऱ्याला धरायचं तर वीसच लागतो. भिंतीने टाचणीला धरलं.

धरल्यावर ताकद बोलते. माझी दहा, तिची चार. दर फाशाला तिचा एक दम उतरणार. तिचे होते पाच.

पाचाचे चार झाले. चाराचे तीन. मग तिने बोट वर केलं.

खरं बोट. टेबलावर कोपर टेकून, माझ्यासमोर. नखात प्लॅस्टर. आणि माझ्याकडे बघितलं. सत्तावीस दिवसांनी सरळ माझ्या डोळ्यांत.

पुस्तकवाला म्हणाला, काकू, शरण आहे. सोडलं म्हणता?

मला म्हणायचं होतं. हे लिहून ठेवते. पण वाटलं, आत्ता सोडलं तर ही जाणार. आत्ता हातात आहे. तोंडातून आलं ते असं, की आधी आई म्हण, मग सोडते.

 बोट तसंच. पुस्तकवाला म्हणाला, काकू, टेबलावर विचारलं की उत्तर द्यावं लागतं खरं, पण हा प्रश्न नाही, अट आहे. मी म्हटलं, तुम्ही फासा टाका. टाकला. तिनाचे दोन. टायरवाला हळूच म्हणाला, सोडा ना काकू, मला सोडलंत. हे स्टुलावरून म्हणाले, अगं. एवढंच. मी म्हटलं, मध्ये पडू नका. दोनाचा एक.

बोट वरच होतं. मी माझा हात मांडीखाली धरला.

मग तिने बोट खाली घेतलं. हळू, दमून नाही, काम झाल्यासारखं. आणि पुस्तकवाल्याला म्हणाली, टाचणी मेली, लिहून घ्या. कागदाची चौकोनी घडी घातली, कडेला कड लावून. सुरीसारखी. माझ्याकडूनच शिकलीय. उठली आणि गेली.

तर, मी जिंकले.

पुस्तकवाल्याने लाकडी तलवार दिली. टायरवाल्याने खोक्याच्या फळीची केलीय, वीतभर, पॉलिश मारलेली. कोणी टाळी वाजवली नाही. मग पुस्तकवाला सहावं पान काढून वाचायला लागला. ज्याला लाकडी तलवार मिळाली तो मुक्त झाला. मुक्त झालेल्याला रिंगणात परत जागा नाही, टेबलावर बसता येत नाही. माझी खुर्ची उचलून त्याने भिंतीला लावली. मी म्हटलं, मग ती मला उत्तर कधी देणार? म्हणाला, काकू, आता तिला बंधन नाही.

हे आधी का सांगितलं नाही म्हटलं. म्हणाला, पहिल्या दिवशी आठही पानं दिली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार. बीपी १६६/१०२.

जिंकले. तलवार स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली, वाऱ्याने आपटत होती ती आता आपटत नाही. उपयोगी वस्तू आहे.

चूक माझी नव्हती. वीस पडला नसता तर धरलंच नसतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार. बीपी १६८/१०२.

तिने लॅबला हो कळवलं. हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना सगळे आकडे देणार नाही, उगीच घाबरतील.

२५ फेब्रुवारी, बुधवार.

बॅगेची चेन अडकत होती. हे बसून मेणबत्ती घासत होते तिच्यावर. काट्याला तेल घालतात तसं मन लावून. मी म्हटलं, अडकते तर अडकू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, घासत राहिले.

तिचे लॅबचे पांढरे कोट सहा. कामावर नेले, धुतले, कडक इस्त्री केली, हॉस्पिटलच्या डॉक्टरांनासुद्धा मिळत नाही अशी. तिच्या पलंगावर ठेवून आले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. बीपी १५८/९६.

कोट बॅगेत ठेवले तिने. म्हणजे राग गेला. परवा थांबेलसुद्धा, काही सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.

बस दहाची होती. मी सकाळीच कामावर गेले, सुट्टी असून. रोलर मशीन बंद पडेल असं वाटत होतं. पडलं नाही.

समोरचीचीही शिफ्ट होती. दहा वाजले. मोठी चादर घेतली, एक टोक मी, एक ती. झटकली, दुमडली. मग ती आली नाही. जागेवर उभी. मी म्हटलं, चल ना. ती म्हणाली, आज पाय दुखतात गं. चादर मध्ये लोंबत होती, जमिनीला टेकायला आली. घड्याळ तिच्या डोक्यावर. दहा वाजून चार. दहा वाजून सहा.

चादर मळली असती. म्हणून मी गेले. सात पावलं आहेत. माझं टोक तिच्या हातात दिलं. घडी वाईट आली नाही.

तिने घडी गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढची चादर उचलली.

घरी आले तर हे स्टँडवरून परत आलेले. विचारलं, काही म्हणाली? म्हणाले, खिडकीची जागा मिळाली. आणखी? म्हणाले, आई दिसली नाही म्हणाली.

आई म्हणाली. मला नाही, पण म्हणाली.

१ मार्च, रविवार. बीपी १५४/९४.

हे सांगत होते, ती शनिवारी चारला तिथूनच खेळणार आहे, मोबाईल टेबलावर उभा करून. नवा ग्लॅडिएटर बनवतेय. टेबलावर नसलेल्याला टेबलावर बसता येतं आणि मला येत नाही.

नियमांची पानं काढली. चौथ्यापासून.

३ मार्च, मंगळवार. बीपी १५०/९२.

तीन दिवस लागले. ह्यांनी दोन शब्द सांगितले, बाकी मी. सातव्या पानावर आहे: मुक्त झालेल्याला परत यायचं असेल तर नवं पान भरावं. टेबलावरच्या सगळ्यांनी मंजूर केलं तर जागा. एकाने जरी नको म्हटलं तर नाही.

इतक्या कामाचं पान सातवं का ठेवतात. वर घ्यायला पाहिजे होतं.

४ मार्च, बुधवार. सकाळी ६.४०. बीपी १५२/९२.

पुस्तकवाल्याचा होकार आला. टायरवाल्याचा आला, या ना काकू म्हणाला, फक्त माझ्याशी झुंज नको. उरली एक.

फॉर्म भरला. ह्यांनी मोबाईलवर फोटो काढून तिला पाठवला. पत्ता, नवा नंबर, सगळं त्यांच्याकडे पहिल्यापासून होतं. विचारलं, मला का दिला नाही. म्हणाले, तू विचारलाच नाहीस. पाठवताना खाली काही लिहू का म्हणाले. मी म्हटलं, काही नको. माफी वगैरे काही नाही, फॉर्म आहे. पाठवलं ते इथे उतरवून ठेवते, नंतर वाद नको.

नाव: अजून ठरलं नाही.
ताकद ४. दम ८. चपळाई ५. कान १०. जीभ ३.
हत्यार: नाही.
दोष: दुसऱ्याचा फोन उचलतो. उचलून खोटं बोलतो. सोडायची वेळ आली की अट घालतो.

फॉर्मच्या तळाशी, माझ्या अक्षरात: रकाना एका दोषाचा आहे, मी तीन लिहिलेत. एक खोडायचा असेल तर तुम्ही खोडा. कोणता खोडला तेवढं कळवा.

पान मंजूर आहे की नाही, शनिवारी चारच्या आत उत्तर पाहिजे. खुर्ची भिंतीला लावलेली आहे, ती मला आणावी लागेल.